कामावरून आल्यावर मुलांशी खेळायला वेळ कुठून आणायचा, आणि खेळायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा: सकाळी साडेआठला घर सोडतो, परत यायला सव्वासात होतात. घरात अडीच वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा आणि शिकायला आमच्याकडे राहणारी चौदा वर्षांची भाची. बायकोचीही नोकरी. आई घरी असते, पण गुडघ्यांमुळे तिला खाली बसता येत नाही. मुलांशी खेळायला वेळच उरत नाही. रविवारी मुद्दाम बसलो तर दहा मिनिटांत भांडणं होतात, नाहीतर मलाच कंटाळा येतो आणि हात आपोआप मोबाइलकडे जातो. काय करावं?

आधी रविवारचा नाद सोडा. आठवडाभराचं साचलेलं खेळणं एका दिवशी उरकायला बसलं की ते माळा साफ करण्यासारखं होतं. सगळे उत्साहाने सुरुवात करतात आणि तासाभरात एकमेकांवर खेकसायला लागतात. ‘बाबा परत कधी खेळणार’ हे मुलांना माहीत नसतं, त्यामुळे हातात आलेले बाबा ती सोडत नाहीत. दोघांना एकाच वेळी तुम्हीच हवे असता. भांडणाचं निम्मं मूळ इथे आहे. रोज १५ मिनिटं ठरलेली असली की ही झोंबाझोंबी दोन-तीन आठवड्यांत बरीच कमी होते, कारण उद्याही पाळी येणार हे मुलांना कळून चुकतं.

ही १५ मिनिटं घड्याळाला बांधू नका, रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधा. ‘साडेसात वाजता खेळू’ हे शहरातल्या ट्रॅफिकमध्ये आठवड्यातून तीनदा मोडतं. ‘बाबांचा चहा झाला की’ हे मोडत नाही, कारण चहा नवाला झाला तरी होतोच. क्रम साधा ठेवा. घरात आल्यावर मोबाइल चार्जिंगला लावायचा, तोही बाहेरच्या खोलीत नाही, आत. हातपाय धुवायचे, कपडे बदलायचे, चहा घ्यायचा आणि सतरंजीवर बसायचं. चहाआधी खेळायला बसू नका. भुकेला, दमलेला माणूस दुसऱ्याच मिनिटाला ‘अरे, सांडू नकोस’ म्हणायला लागतो. त्या ८-१० मिनिटांत मुलगी पायाला बिलगली तर बिलगू दे, मांडीवर घेऊन चहा प्या (कप मात्र तिच्या हाताच्या टापूबाहेर, गरम चहाने भाजलेली बाळं दवाखान्यात नेहमी दिसतात).

उशीर झाला तर? झोपताना ५ मिनिटं, अंथरुणात, बोटांचे खेळ. उधारी मात्र ठेवायची नाही. ‘आज राहू दे, उद्या अर्धा तास खेळू’ असं एकदा म्हटलं की मूल हिशेब ठेवतं आणि तुम्ही ठेवत नाही.

आता तुमच्या कंटाळ्याचं. तो येतो, कारण बहुतेक मोठी माणसं मुलांशी खेळत नाहीत, मुलांना खेळवतात. खेळवणं हे काम आहे. त्यात मूल रमतंय का, काही शिकतंय का, पडत तर नाही ना, सगळ्याची जबाबदारी तुमच्यावर. अशा कामाचा दिवसभराच्या नोकरीनंतर कंटाळा येणारच. खेळणं म्हणजे मुलाचं जे काही चाललंय त्यात एक भिडू म्हणून शिरणं. हा फरक बोलण्यातला आहे आणि तो चटकन शिकता येतो.

अमेरिकेत शीला आयबर्ग यांनी १९७०च्या दशकात आईवडील आणि लहान मुलं यांच्यासाठी एक उपचारपद्धत बसवली. त्यात पालकांना घरचा अभ्यास असतो तो रोज फक्त ५ मिनिटं खेळण्याचा. त्या ५ मिनिटांत तीन गोष्टी बंद: प्रश्न, सूचना आणि टीका. बदल्यात करायचं काय, तर मूल करतं ते आपण करायचं, ते बोलतं ते आपण परत म्हणायचं, आणि जे दिसतंय ते साध्या वाक्यात बोलायचं. मूळ पद्धत अवखळ, ऐकत नसलेल्या मुलांसाठी आहे, पण एवढा भाग कुठल्याही घरात चालतो.

अडीच वर्षांच्या मुलीपुढे स्टीलचे दोन डबे आणि एक पळी ठेवली आहे असं धरा. आपल्याकडे नेहमी ऐकू येतं ते असं: ‘हा कुठला रंग? मोठा डबा कुठला? झाकण लाव बघू. असं नाही, उलटं कर. आता मोज, एक, दोन...’ चौथ्या मिनिटाला ती उठून जाते आणि आपण म्हणतो, हिचं लक्षच लागत नाही. लक्ष लागलं होतं, आपण परीक्षा घ्यायला सुरुवात केली म्हणून तुटलं. आता दुसरी तऱ्हा. पहिलं मिनिटभर काहीच बोलायचं नाही, फक्त बघायचं. ती झाकण जमिनीवर गरगर फिरवते. तुम्ही म्हणता, ‘झाकण फिरतंय.’ ते आडवं पडतं. ‘पडलं!’ ती पळी डब्यावर आपटते, तुम्ही दुसऱ्या डब्यावर बोटांनी आपटता. ती थांबते, तुमच्याकडे बघते, पुन्हा आपटते. तुम्हीही आपटता. इथे तिच्या लक्षात आलं की तुमचा आवाज ती काढायला लावू शकते. पुढची ६-७ मिनिटं तुम्हाला काही सुचवावं लागणार नाही. पळी फेकली तर ‘पळी फेकायची नाही’ एवढं एकदाच सांगून पळी बाजूला ठेवायची, डबे चालू. मारणं, चावणं आणि स्वतःला दुखेल असं काही, एवढ्याच ठिकाणी सूचना द्यायची.

खेळणी आणायला बाजारात जाऊ नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला बालवाड्या चालवल्या त्या शंख-शिंपले, बिया, पानं, माती असल्या आसपास मिळणाऱ्या सामानावर. तुमच्या स्वयंपाकघरात त्याहून जास्त आहे. अडीच वर्षांसाठी सगळ्यात टिकाऊ गोष्ट म्हणजे कणकेचा गोळा. एक वाटी कणीक, पाव वाटी मीठ, दोन चमचे तेल आणि अंदाजे अर्धी वाटी पाणी, तेही थोडं थोडं घालत. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट हवी, बोटाला चिकटता कामा नये. चिकटली तर पाणी जास्त झालं, चमचाभर पीठ मळा. भेगा पडल्या तर तेलाचा हात लावा. मीठ दोन कामं करतं: गोळा लवकर आंबत नाही, आणि पहिल्या चाटण्यालाच मूल तोंड वाकडं करून तो बाजूला ठेवतं. तरी तुकडे खात असेल तर महिनाभर थांबा, इतकं मीठ पोटात जाणं बरं नाही. रंगासाठी बीटाचा रस घाला, हळद नको. हळदीचे हात आधी भिंतीला पुसले जातात, मग धुतले जातात. घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ५-६ दिवस राहतो. वास बदलला की टाकून द्या.

आणि जुने बैठे खेळ. ‘आपडी थापडी’, ‘इथे इथे बस रे मोरा’, साडीच्या पदराआडून किंवा टॉवेलमागून ‘कुकूऽक’. यांत गंमत शब्दांची नसते, थांबण्याची असते. तळहातावर बोट फिरवत नेलं आणि काखेत गुदगुली करायच्या आधी दोन क्षण हवेतच थांबलं, तर मूल गुदगुलीआधीच हसायला लागतं. तिसऱ्या-चौथ्या वेळी थांबण्याचा वेळ बदला: एकदा लांब, एकदा मुळीच नाही. आईंनी खुर्चीवर बसूनही हे होतं, गुडघ्यांचा प्रश्न येत नाही. गुदगुल्यांना मात्र एक नियम घरात सगळ्यांना लागू करा, मामा-काकांसकट: मूल ‘नको’ म्हणालं, हात ढकलला किंवा तोंड फिरवलं की त्याच क्षणी हात वर. हसतंय म्हणजे आवडतंय असं नसतं, गुदगुल्यांना हसू आपोआप येतं. ‘पुन्हा’ म्हणाली तर पुन्हा करा.

धसमुसळा खेळ मुलांना फार आवडतो आणि बाबालोकांना तो जमतोही, म्हणून त्यातल्या दुखापती नीट माहीत हव्यात. सर्वांत नेहमीची म्हणजे लहान मुलाला दोन्ही मनगटांना किंवा हातांना धरून झुलवणं, किंवा एका हाताला धरून फरपटत उचलणं. साधारण एक ते चार वर्षांच्या वयात कोपराजवळचं हाड असल्या ओढीने जागेवरून किंचित सरकतं. सूज फारशी दिसत नाही, मूल फक्त तो हात लोंबता ठेवतं, वापरत नाही आणि कोणी हात लावला की रडतं. घरी ओढाताण करायची नाही, तेल लावून चोळायचंही नाही, डॉक्टरांकडे न्यायचं. बहुतेक वेळा ते काही सेकंदांत बसवतात. झुलवायचंच असेल तर काखेत धरा. दुसरी गोष्ट, बाळ वर उडवणं. आपल्या खोल्यांत छताला पंखा असतो आणि आपण खेळताना वर बघत नाही. उडवूच नका, पोटावर आडवं घेऊन ‘विमान’ करा, जमिनीपासून दोन फुटांवर. बाथरूममध्ये पाण्याने खेळवलंत तर बादली खेळ संपल्या संपल्या रिकामी करायची. थोड्याशा पाण्यातही डोकं खाली गेलेलं लहान मूल स्वतःहून वर येऊ शकत नाही.

घशात अडकणाऱ्या वस्तूंचा हिशेब सोपा आहे. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी सुमारे ३२ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंच व्यासाची नळी वापरून तपासणी होते. त्या नळीत पूर्ण मावणारी वस्तू त्या वयाला द्यायची नाही. गोट्या, सागरगोटे, कवड्या, चिंचोके, सोंगट्या सगळं यात आलं. फुगा फुटला की रबराचे तुकडे लगेच उचला. आणि रिमोट किंवा गाणारं खेळणं बटणाच्या आकाराच्या चपट्या सेलवर चालत असेल तर त्याचं झाकण स्क्रूने बंद आहे ना ते आजच बघा. तो सेल गिळला तर आतून भाजतो; वाट न बघता थेट रुग्णालय.

आता रात्रीच्या जेवणानंतरची २० मिनिटं, सगळ्यांची एकत्र. तीन वेगवेगळ्या वयांना एकाच सतरंजीवर धरून ठेवणारा खेळ शोधायला गेलं तर मी दरवेळी अष्टा चंगा पे जवळच येतो. बुद्धिबळात आठ वर्षांचा मुलगा चौदा वर्षांच्या ताईकडून रोज हरेल आणि चौथ्या दिवशी पट उधळेल. अष्टा चंगा पे मध्ये दान नशिबाचं असतं, पण कुठली सोंगटी चालवायची हे डोक्याचं, म्हणून लहानाला जिंकायची खरी संधी असते आणि मोठ्याला कंटाळा येत नाही.

पट ५ बाय ५ घरांचा, एकूण २५. चारही बाजूंच्या मधल्या घरात फुली आणि मधोमध एक फुली. बाजूच्या फुल्या ही एकेका भिडूची घरं, तिथे कुणाची सोंगटी मरत नाही. चार कवड्या टाकायच्या. एक उताणी पडली तर १, दोन तर २, तीन तर ३, चारही उताण्या म्हणजे ४, चारही पालथ्या म्हणजे अष्टा, ८. चार किंवा आठ पडले, किंवा कुणाची सोंगटी मारली, की पुन्हा टाकायचं. (काही घरांत उताणं-पालथं उलट मोजतात. आईंना विचारा आणि त्या म्हणतील तो नियम धरा. यात एक फायदा असा की भांडण झालं की निवाडा आजीकडे जातो, तुमच्याकडे नाही.) सोंगटी आपल्या फुलीवरून घड्याळाच्या उलट दिशेने बाहेरच्या १६ घरांच्या कडेने फिरते. आपल्या फुलीच्या अलीकडच्या घरापर्यंत पोचली की आतल्या रांगेत वळते, तिथली ८ घरं घड्याळाच्या दिशेने फिरते आणि मग मधल्या फुलीत. म्हणजे एका सोंगटीची वाट बरोबर २४ घरांची: १५, ८ आणि १. मधल्या घरात शिरायला नेमकं तेवढंच दान पडावं लागतं.

आता हा खेळ तुमच्या घरासाठी कसा बदलायचा, कारण जसाच्या तसा घेतलात तर फसेल. चार-चार सोंगट्या घेतल्या आणि चौघे बसले तर तास सहज जातो, त्यात झोपेची वेळ उलटते आणि शेवट रडण्यात होतो. म्हणून दोन-दोन सोंगट्या घ्या, २० ते २५ मिनिटांत डाव होतो. अनेक घरांत नियम असतो की एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आत जाता येत नाही. तो पहिले महिनाभर काढून टाका. ज्याच्या हातून काहीच मरत नाही तो बाहेर नुसता घिरट्या घालत राहतो, आणि तो बहुतेक वेळा धाकटाच असतो. नंतर मुलगाच म्हणेल की आता खरा नियम लावू.

धाकटी जागी असेल तर कवड्या आणि छोट्या सोंगट्या बाहेर काढायच्याच नाहीत, वर सांगितलेल्या कारणासाठी. त्याऐवजी आइस्क्रीमच्या चार सपाट काड्या घ्या, एक बाजू स्केचपेनने रंगवा. रंगीत बाजू वर म्हणजे उताणी. सोंगट्यांच्या जागी कपडे वाळत घालायचे चिमटे, प्रत्येकाचा रंग वेगळा. चिमट्यांसाठी घर १० सेंटिमीटरचं लागतं, म्हणजे पट अर्धा मीटर बाय अर्धा मीटर. जुन्या चादरीच्या तुकड्यावर न पुसणाऱ्या मार्करने आखा. खडूने फरशीवर आखलेला पट ती पहिल्या पाच मिनिटांत बसून पुसते. आईंसाठी तोच तुकडा टेबलावर पसरता येतो. धाकटीला काम द्या: सगळ्यांच्या काड्या स्टीलच्या पेल्यात घालून तीच उपडा करणार. तिला खेळ कळत नाही, पण सगळे तिच्या पेल्याकडे डोळे लावून बसतात हे कळतं. दोन-तीन फेऱ्यांनी ती उठून गेली तर जाऊ दे, बोलावू नका.

मुद्दाम हरायचं का, हा प्रश्न प्रत्येक पालक विचारतो. माझं मत, नाही. आठ वर्षांच्या मुलाला ते कळतं आणि मग त्याच्या खऱ्या जिंकण्यालाही किंमत राहत नाही. त्याऐवजी उघड सवलत द्या: ‘माझ्या तीन सोंगट्या, तुझ्या दोन.’ ती डाव सुरू व्हायच्या आधी ठरवायची, मधे नाही. हरल्यावर त्याने पट उधळला तर भाषण देऊ नका. पट गुंडाळायचा आणि ‘उद्या परत’ एवढंच. ‘हरणं-जिंकणं महत्त्वाचं नसतं’ हे वाक्य त्या क्षणी तर अजिबात नको. त्याच्यासाठी ते महत्त्वाचं आहे, आणि तुमची सोंगटी मरते तेव्हा तुमचाही चेहरा उतरतो हे त्याने बघितलेलं असतं. तुम्ही हरताना काय करता ते तो रोज बघतो. ‘छे! अगदी दारात येऊन मेली!’ असं म्हणून हात चोळा आणि पुढचं दान टाका. त्याला तेवढं पुरतं. आणखी एक: चार काड्यांत दोनचं दान सगळ्यात जास्त वेळा पडतं, कारण चारांतल्या दोन निवडायच्या तऱ्हा सहा, आणि चारच्या चार उताण्या पडायची तऱ्हा एकच. हे त्याला सांगू नका. आठवडाभरात तो स्वतः सांगत येईल, आणि मग तुम्ही आश्चर्य करा.

चौदा वर्षांच्या भाचीबद्दल लोक फार चुकतात. तिला ‘चल, खेळूया’ म्हणाल तर ती येणार नाही, आणि ते बरोबरच आहे. तिच्याशी खेळकरपणा कामाच्या बाजूने येतो. मटार सोलताना, कपड्यांच्या घड्या घालताना, कोपऱ्यावरच्या दुकानात जाताना भेंड्या लावा, पण तिच्या काळातल्या गाण्यांच्या, तुमच्या नाही. तिला येणारं काहीतरी शिकून घ्या आणि त्यात खरोखर ढ राहा. वजन, मुरमं, मार्क, मैत्रिणी यांवरून चेष्टा नाही. तुमच्या दृष्टीने ती गंमत असते, तिच्या दृष्टीने नसते. आणि ‘बाळाला जरा खेळव’ हे तिला सांगितलेलं काम आहे, तिच्यासाठी काढलेला वेळ नाही. हे दोन्ही एकात मोजू नका.

तिची आणि आईंची जोडी सागरगोट्यांवर जमू शकते. पाच सागरगोटे घ्या (नसतील तर गोल, गुळगुळीत खडे), टेबलावर चादरीची चौपदरी घडी, म्हणजे घरंगळत नाहीत. एक वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत पडलेल्यातला एक उचलायचा आणि उडवलेला त्याच हाताने झेलायचा. चारही झाले की पुढच्या फेरीत दोन-दोन, मग तीन आणि एक, मग चारही एकदम. नवख्याची चूक ठरलेली: गोटा फार उंच उडवतो. उंच उडवला की नजर वर जाते आणि हात खाली चाचपडतो. डोळ्यांच्या उंचीपर्यंतच उडवा, आणि सुरुवातीला टाकतानाच गोटे विखरून नाही तर जवळ-जवळ पडतील असं टाका. खेळ संपला की मोजून पिशवीत. चारच भरले तर पाचवा सापडेपर्यंत धाकटीला खोलीत येऊ द्यायचं नाही.

रविवार सोडा म्हटलं, तरी सकाळचा अर्धा तास मोकळ्या जागेत असेल तर मुलाला भोवरा शिकवा. खेळ एकट्याचा वाटतो, पण शिकवणारा लागतोच. जाळी (भोवऱ्याची दोरी) आरेकडून, म्हणजे खालच्या खिळ्याकडून, वर गुंडाळायची, वेढे एकमेकांना खेटून, एकावर एक नाहीत, आणि ताणून. सुरुवातीचं टोक किंचित ओलं केलं की सरकत नाही. शेवटची गाठ दोन बोटांत अडकवायची, भोवरा आर खाली ठेवून पुढे टाकायचा आणि जमिनीला लागायच्या आत जाळी मागे खेचायची. भोवरा डोक्यावर पडतो तो बहुतेक वेळा वेढे ढिले असल्यामुळे किंवा मूल फेकायच्या नादात मनगट पिरगाळतं म्हणून. आर वाकडी असेल तर कितीही नीट टाकला तरी डुगडुगतो. ती आधी सरळ करून घ्या. धाकटी दोन मीटर मागे, कुणाच्या तरी हाताला धरून.

खेळ थांबवणं हे सुरू करण्यापेक्षा अवघड. ‘अजून पाच मिनिटं’ हे अडीच वर्षांच्या मुलीला कळत नाही, तिला मिनिट माहीत नाही. मोजता येईल असं सांगा: ‘अजून दोनदा वाजवायचं, मग डबे झोपले.’ दोनदा झालं की डबे खरोखर झोपवायचे, तिच्याच हाताने, फडक्याखाली. तिसऱ्यांदा कधीच नाही. एकदा दिलंत की पुढचा महिनाभर तेच मागणं. रडली तर जवळ घ्या, पण डबे बाहेर काढू नका. मुलासाठी शेवट म्हणजे डावाचा शेवट. डाव उरला तर चिमटे कुठे होते त्याचा फोटो काढून ठेवा (दिवसातलं मोबाइलचं हे एक चांगलं काम) आणि दुसऱ्या दिवशी तसाच मांडा. कुस्ती, धावाधाव हे झोपेच्या तासभर आधी संपलं पाहिजे, नाहीतर अंथरुणात खिदळणं आणि मग ओरडा, हे ठरलेलं.

मोबाइलवरून हाणामारी होत असेल तर आकडा सांगतो: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या सूचनांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसात जास्तीत जास्त १ तास बसून स्क्रीन बघावी, कमी तितकं बरं. पण खेळायला बसायच्या क्षणी हातातून मोबाइल ओढून घेऊ नका. मग खेळ म्हणजे शिक्षा वाटते. चालू असलेला व्हिडिओ संपू द्या.

नातवंडं परदेशात असलेल्या आजी-आजोबांचाही हाच प्रश्न असतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक, हिवाळ्यात साडेदहा. म्हणजे इथले शनिवार-रविवारी संध्याकाळचे साडेसात हे तिकडचे सकाळचे दहा किंवा नऊ, मूल जागं, पोट भरलेलं. ‘काय खाल्लंस, शाळेत काय शिकवलं’ या प्रश्नांवर चार वर्षांचं मूल दोन मिनिटांत पळतं. त्याऐवजी दोन्हीकडे सारखीच वस्तू धरा: इथे एक चमचा, तिथे एक चमचा. आजोबा चमचा नाकावर ठेवतात, नातू ठेवतो. मग नातू डोक्यावर ठेवतो, आजोबा ठेवतात. फोन भिंतीला टेकवून ठेवायचा, हातात धरायचा नाही. दहा मिनिटं खूप झाली.

शेवटी पहिल्या आठवड्याबद्दल. मुलगी लगेच येईल. मुलगा येणार नाही. इतके दिवस चहानंतर तुम्ही मोबाइल घेत होतात, तर आजचं हे किती दिवस टिकतंय ते तो लांबून बघत राहील. बोलावू नका, लालूच दाखवू नका. पट पसरा आणि दोन्ही बाजूंनी एकटेच खेळा, आईंना एक दान टाकायला सांगा. आणि एखादी सोंगटी सरळ मारता येत असेल तर मारू नका, दुसरीच चालवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सोफ्यावरून आवाज येईल, ‘बाबा, ती मरत होती ना!’ मान वर न करता विचारा, ‘कुठली?’